बुकिंग एकाचं, मुक्काम दुसऱ्याचा

नागाव, अलिबाग

चि. निखिल,


गुहागरचं घर एअरबीएनबीवर लावलंस आणि पहिलाच शनिवार-रविवार लागला, बरं वाटलं. पण ‘बुकिंग पुण्याच्या मुलाचं, राहायला आई-वडील येणार, काय बिघडलं?’ असं विचारतोस. माणसं भली असतील रे, पण कागद चुकतो.

खासगी सहलीसाठी जो बुक करतो त्यानंच राहायला हवं, असा तिथला नियम आहे. करार त्याच्याशी, ओळखपत्र तपासलेलं त्याचं. घरात भलतंच कुणी राहिलं आणि काही मोडलं, तर भरपाई मिळेलच असं नाही. ऑफिसनं कामासाठी कर्मचारी पाठवला तर गोष्ट निराळी, त्याला मुभा असते.

खरा घोळ मुक्कामात होतो. वाटेचा नकाशा, घराचे नियम, गॅस गीझर कसा पेटवायचा, तू लिहिलेलं सगळं मुलाच्या फोनवर. आई-वडील रात्री साडेनऊला अंगणात, आणि मुलगा मीटिंगमध्ये! खोली माडीवर आहे हे मुलानं वाचलेलं असतं, गुडघे आईचे असतात. आणि वर स्टार देणार तो, ऐकीव माहितीवर.

म्हणून बुकिंग आलं की अ‍ॅपवरच विचार, ‘तुम्ही स्वतः येताय ना?’ फोनवर नको, लिहिलेलंच पुढे दाखवता येतं. ‘नाही’ म्हणाला तर आईच्या किंवा वडिलांच्या खात्यावरून बुक करायला सांग. जुनं बुकिंग त्यालाच रद्द करू दे, नाहीतर आधी कंपनीशी बोल. आपण होऊन रद्द केलंस तर दंड तुझ्या माथी बसतो.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एजंटांना मात्र मी दारात उभं करत नाही. चौघांचं बुकिंग करायचं, पैसे आठ जणांकडून घ्यायचे. ते आठ जण पिशव्या घेऊन आले की भांडण आपल्याशी, एजंटाचा फोन बंद. तुझी आई मला कडक म्हणते. म्हणू दे.

उतरणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र बघ, बुक करणाऱ्याचं बघून भागत नाही. बुकिंग मुंबईकराचं आणि पाहुणा जर्मन असला, तर २४ तासांत सरकारला ऑनलाइन कळवायचं ते त्या जर्मनाबद्दल, आणि ती जबाबदारी घरमालकाची.

पुण्याच्या मुलाला आजच लिही. आई-वडिलांनी येऊ नये असं मुळीच नाही, खालची खोली मोकळी असेल तर तीच दे त्यांना.

तुझी,
आत्या