रक्ताचा दाखला

सातारा तालुक्यात अपशिंगे नावाचे एक गाव असून पंचक्रोशीत ते ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान परमुलखात कामी आले, त्यांच्या स्मरणार्थ इंग्रज सरकारने तेथे स्तंभ उभारला, आणि त्यानंतरही पिढ्यान्‌पिढ्या त्या गावच्या घराघरांतून माणसे फौजेत जात राहिली. त्यांच्या शौर्याविषयी शंका घेण्याचा अधिकार मेजाशी बसून लिहिणाऱ्या माझ्यासारख्यास नाही, आणि तशी इच्छाही नाही. मला विचार करावयाचा आहे तो त्या शौर्याच्या सरकारी उपपत्तीचा. घरची कोरडवाहू जमीन, नियमित पगाराची ओढ, आधी गेलेल्या चुलत्याचे उदाहरण आणि मग रणांगणावर शेजारच्या सोबत्याची लाज, इतक्या गोष्टी मिळून माणूस शूर होतो असे कोणीही सांगेल. परंतु ज्यांनी स्तंभ उभारला त्यांच्या मते शौर्य हा रक्ताचा गुण होता, काही वंश उपजतच लढाऊ होते व काही नव्हते, आणि कोणता माणूस कोणत्या सदरात घालावयाचा हे ठरविणे भरती-अधिकाऱ्याच्या अखत्यारीतले काम होते.

या सिद्धान्ताची खरी परीक्षा पाहावयाची तर महार शिपायांचा इतिहास पाहावा. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा-कोरेगाव येथे पडलेल्या महार शिपायांची नावे कंपनी सरकारने दगडावर कोरली; म्हणजे तेव्हा ते रक्त शूर होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या पठडीतील सेनाधिकाऱ्यांनी लढाऊ वंशांची वर्गवारी पक्की केली तेव्हा, महारांची भरती बंद झाली. म्हणजे ते रक्त अकस्मात निकामी ठरले. १९१७ साली युद्धात माणसे कमी पडू लागताच १११ वी महार पलटण उभी राहिली, १९२१ मध्ये ती मोडण्यात आली, आणि १९४१ साली दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत बेळगावला महार रेजिमेंटची स्थापना झाली. सव्वाशे वर्षांत एका समाजाचे रक्त इतक्या वेळा शूर आणि इतक्या वेळा भ्याड झाले, की रक्ताचा गुणधर्म हा खजिन्यातील शिल्लक व आघाडीवरील तोटा यांवर अवलंबून असतो असा नवा शास्त्रीय नियम काढावयास हरकत नाही. खुद्द मराठ्यांविषयीही याच रॉबर्ट्सपंथी मंडळींचे मत फारसे अनुकूल नव्हते. ते पालटले मेसोपोटेमियाच्या लढायांनंतर. ज्या दाखल्याचा आपल्याकडे आजही अभिमान बाळगला जातो तोसुद्धा असा मागाहून, आणि गरजेपोटी, मिळालेला आहे.

याच सरकारच्या दफ्तरात दुसरेही एक बाड होते. १८७१ साली उत्तर हिंदुस्थानासाठी केलेला आणि १९११ च्या सुधारित रूपात मुंबई इलाख्यातही लागू झालेला गुन्हेगार जमातींचा कायदा असे मानून चालला, की सुताराच्या पोटी सुतार यावा तसा चोराच्या पोटी चोर येतो. ज्या जमातीचे नाव यादीत चढले तिच्यातील माणसाने काही केले आहे की नाही हा प्रश्नच उरत नसे. चावडीवर ठरल्या वेळी, प्रसंगी रात्री-अपरात्रीही, हजेरी द्यावयाची. गाव सोडावयाचे तर पाटलाचा दाखला घ्यावयाचा. हजेरी चुकली की तोच गुन्हा. सातारा जिल्ह्याला हा जाच परका नव्हता. तेव्हाच्या सातारा व आताच्या सांगली जिल्ह्यातील वाटेगावी १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी ‘फकिरा’ लिहिली ती या हजेरीखाली वाकलेल्या मांगवाड्याची कादंबरी होय. आणि फलटण तालुक्यातील लक्ष्मण माने यांचे १९८० चे ‘उपरा’ हे कैकाडी समाजाचे आत्मकथन वाचताना ध्यानात येते, की कायदा १९५२ मध्ये देशभर रद्द झाला तरी फोक तोडून टोपल्या विणणारे बिऱ्हाड गावकुसाबाहेर उतरले म्हणजे गावाची नजर पूर्वीसारखीच फिरत असे. कायद्याची छाया किती लांब पडते याचा पुरावा फार मागे जाऊन शोधावा लागत नाही. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत जातीवरून कामे वाटून देणाऱ्या आणि विमुक्त जमातींच्या माणसांना ‘सराईत’ समजणाऱ्या तरतुदी ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविल्या. तोपर्यंत त्या छापील स्वरूपात नांदत होत्या.

वंशभेदाविषयी आपण बोलतो ते बहुधा दूरच्या मुलखाचे उदाहरण घेऊन. आफ्रिकेतील गोऱ्यांची वस्ती, अमेरिकेतील नीग्रोंची गुलामगिरी, हे विषय आपल्या व्याख्यानमालांना फार सोयीचे असतात, कारण तेथे आपण निरपवादपणे पीडितांच्या बाजूस बसतो. माझे म्हणणे एवढेच, की अपशिंग्याचा स्तंभ उभारणारी आणि वाटेगावची हजेरी घेणारी लेखणी एकाच हातातली होती. ‘उपजत शूर’ आणि ‘उपजत गुन्हेगार’ या एकाच सिद्धान्ताच्या दोन नोंदी आहेत. पहिली खरी मानून घरात चौकटीत लावावयाची आणि दुसरी तेवढी खोटी म्हणावयाची, हे तर्काला धरून नाही. ज्याला दुसरी नोंद खोडावयाची आहे त्याने पहिलीवरचा हक्क सोडला पाहिजे, आणि येथेच आमची भली भली पुरोगामी माणसे अडतात. अपमान सोडून देणे सोपे, फुकट मिळालेला मान सोडणे कठीण.

सरकारवर सगळा बोजा टाकून मोकळे होता येईल, असेही नाही. १९०१ सालच्या उन्हाळ्यात साताऱ्याहून निघालेली काही मुले मसूरच्या रेल्वे स्थानकावर उतरली. त्यांतील एक नऊ-दहा वर्षांचा होता आणि आदल्या वर्षी, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, साताऱ्याच्या सरकारी शाळेत पहिल्या इंग्रजीत दाखल झाला होता. त्याचे वडील, पलटणीच्या शाळेत मुख्याध्यापकी केलेले सुभेदार रामजी, खटाव तालुक्यातील गोरेगावी दुष्काळी कामावर खजिनदार होते. निरोप न पोहोचल्याने न्यावयास कोणी आले नव्हते. मुलांचे नीटनेटके कपडे पाहून स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. मग त्याने, कोणाची मुले, असे विचारले, आणि आम्ही महार, असे उत्तर येताच त्याचा चेहरा पालटला व तो आपल्या खोलीत निघून गेला. पुढे दुप्पट भाड्यावर एक गाडीवान तयार झाला तो या अटीवर, की मुलांनीच बैल हाकावेत आणि तो पायी चालेल. आणि रात्रभर त्या मुलांना पाण्याचा एक थेंबही मिळाला नाही. हा सारा प्रसंग डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे स्वतःच लिहून ठेवला आहे.

या प्रसंगात मला सर्वांत विचार करावयास लावतो तो गाडीवान नव्हे. त्याने आपला विटाळ दुप्पट दराने विकला, आणि व्यवहार म्हणून तो समजण्यासारखा आहे. विचारात पाडतो तो स्टेशनमास्तर. हा मनुष्य दुष्ट नव्हता. उत्तर येण्यापूर्वीची त्याची माया खरी होती, आणि अर्ध्या तासाने परत येऊन तुम्ही गाडी हाकाल काय असे विचारणाराही तोच होता. म्हणजे त्याच्या अंतःकरणात कणव होती, परंतु तिला दाखला लागत असे. समोरची मुले, त्यांची भीती, उतरत चाललेले ऊन, यांत उत्तराने तिळमात्र फरक पडला नव्हता. तरी डोळ्यांनी पाहिलेल्यापेक्षा कानांनी ऐकलेले नाव त्याला अधिक खरे वाटले. भेदभाव हा द्वेषातून येतो ही समजूत मला म्हणूनच अपुरी वाटते. द्वेष करावयास निदान माणसाकडे पाहावे लागते.

याच मुलाने पुढे, १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात, जात म्हणजे वंश ही समजूत खोडून काढली: पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार यांचे रक्त एकच, मद्रासेतल्या ब्राह्मणाचे नाते मद्रासेतल्या परियाशी, असा त्याचा युक्तिवाद होता. १९४८ मध्ये तर रिस्ले साहेबांच्या परंपरेतील नाके मोजण्याची आकडेवारी हाती घेऊन, त्याच मापांनी त्याने वंशवाद्यांचा पराभव केला. ज्याला एका नावाने मसूरच्या वाटेवर पाणी मिळू दिले नाही त्याने नाकाच्या रुंदीचा कोष्टकवार हिशेब मांडावा, यात एक प्रकारचा कठोर विनोद आहे, आणि तो त्यांना कळत नसेल असे मला वाटत नाही. जात हा वंश नव्हे, पण वागणूक मात्र वंशभेदाचीच, हे त्यांच्याही आधी साठ-सत्तर वर्षे एका माणसाने ओळखले होते. ज्यांचे घराणे मूळचे खटाव तालुक्यातील कटगुणचे, त्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती नीग्रोंना दास्यातून सोडविणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना. सातासमुद्रापलीकडील अन्याय आणि दारचा अन्याय एकाच मापाने मोजण्याचे धैर्य त्या अर्पणपत्रिकेत होते; आमच्या व्याख्यानमालांत ते अजून यावयाचे आहे.

आजच्या व्यवहाराकडे वळलो तर उघड तुच्छतेपेक्षा मला स्तुतीचीच अधिक धास्ती वाटते. महामार्गावरच्या उपाहारगृहात ईशान्येकडचा एखादा मुलगा चहा आणून ठेवतो, त्याला नाव न विचारता ‘नेपाळी’ म्हटले जाते, आणि वर, ही माणसे फार इमानी हो, असे प्रशस्तिपत्र दिले जाते. तो मणिपूरचा असून आपल्याइतकाच भारताचा नागरिक आहे, आणि इमानी असेल तर ते त्याचे स्वतःचे कर्तृत्व आहे, हे कोणाच्या गावी नसते. ‘ऊसतोडीची माणसे मुळातच काटक’ या वाक्याने कोयता घेऊन पहाटेच्या थंडीत उभ्या असलेल्या बाईचे कष्ट किती स्वस्त होतात! काटकपणा तिच्या रक्तातच असेल तर तिला विसावा, दवाखाना, निवारा कशाला? वधूवरसूचक मंडळांच्या रकान्यांतील ‘गोरी’, ‘गव्हाळ’, ‘निमगोरी’ ही चढती-उतरती भाजणी तर इतकी सवयीची झाली आहे, की गोऱ्या साहेबाने आम्हांला ‘काळे’ म्हटल्याचा राग आणि घरातल्या सावळ्या मुलीच्या लग्नाची काळजी ही दोन्ही एकाच बैठकीत बिनबोभाट व्यक्त होतात.

भाड्याच्या खोलीचेही तसेच. सांगलीत काय, साताऱ्यात काय, खोली पाहावयास आलेल्यास प्रथम आडनाव विचारले जाते; आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव, आणि गावावरूनही झाला नाही तर ‘तुम्हांला खायला काय काय चालते’ असा आडवळणाचा प्रश्न. उत्तर मनाजोगते नसले म्हणजे खोली अकस्मात भाच्यासाठी राखून ठेवलेली निघते. वस्तुतः विटा, खानापूर, आटपाडी या अवर्षणाच्या पट्ट्यातील हजारो कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी केरळापासून पंजाबपर्यंत पसरली आहेत. परभाषेच्या गावात, ज्यांचे आडनाव तेथे कोणालाच उलगडत नाही अशा या माणसांना, सोन्यासारखा माल विश्वासाने हाती देणारे लोक भेटले म्हणून या पट्ट्यात माडीची घरे उभी राहिली. त्या घराच्या वरच्या मजल्यावरची खोली भाड्याने देतानाही प्रश्न मात्र तोच असतो.

हा प्रश्न पुसून टाकण्याचे प्रयत्नही याच मुलखात झाले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काल्यास रयत शिक्षण संस्था काढली व १९२४ मध्ये साताऱ्यास आणली, तेव्हा वसतिगृहात त्यांनी समतेवर प्रवचने ठेवली नाहीत. सर्व जातींच्या मुलांनी एकत्र दळावे, एकत्र शिजवावे आणि एका पंक्तीत जेवावे अशी व्यवस्था लावली. या कामाविषयी इतके लिहिले गेले आहे, की येथे पुनरुक्ती करीत नाही. ज्याची चर्चा कमी होते असा एक प्रयोग मात्र सांगावासा वाटतो.

औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी, मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याच्या साह्याने, १९३९ च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत वसविली. खुनाच्या शिक्षा भोगणारी माणसे तेथे तटबंदीवाचून, आपल्या बायकामुलांसह शेती करून राहू लागली; ग. दि. माडगूळकरांच्या कथेवरचा शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा चित्रपट याच वसाहतीवरून सुचला. माणसावर आधी विश्वास टाकावा आणि मग त्याची वागणूक पाहावी, हे औंधकरांनी कायद्याने शिक्षा झालेल्या माणसांच्या बाबतीत करून दाखविले, आणि हे काम लहान नव्हे.

परंतु याच आटपाडीत शंकरराव खरातांचे वडील तराळकी करीत होते. पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झालेल्या या लेखकाने गावकीच्या त्या राबणुकीविषयी वारंवार लिहिले: निरोप पोहोचवावयाचे, सरकारी माणूस आला की धावावयाचे, विहिरीत प्रेत सापडले तर ते काढण्यासाठी जिवावर उदार होऊन आत उतरावयाचे. खुनी माणसाला कुंपणाबाहेर मोकळे सोडण्याइतकी उदारता ज्या मुलखाने दाखविली, त्याच मुलखात ज्याने कोणाचे काही बिघडविले नव्हते त्या तराळाच्या हातची काठी कोणी काढून घेतली नाही. मला याचे कारण असे दिसते, की कैद्याच्या नावावर खटल्याचे कागद होते. त्याने काय केले हे लिहिलेले होते, शिक्षेला मुदत होती, आणि केलेल्या गोष्टीची माफी देता येते. तराळाच्या नावावर कोणताच खटला नव्हता. त्याने काही केलेलेच नव्हते, त्यामुळे माफ करण्यासारखेही गावाला त्याच्यापाशी काही सापडेना.