शुक्रवारच्या रात्रीचं स्तोत्र

प्रभो, विलापस्तोत्रांचा हा अभ्यासवर्ग तू माझ्या वाट्याला आणलास, त्याबद्दल तुझे आभार. आठवडाभर सकाळच्या मिस्सापासून रात्री दिवे मालवेपर्यंत स्तोत्रसंहितेखेरीज दुसरं काही डोळ्यांसमोर नव्हतं. हिब्रू शब्दकोश, टिपणांच्या वह्या, फादरांचे प्रश्न आणि आमचं अडखळतं वाचन. गोरेगावचा पाऊस, आरे रोडवरचे रिक्षांचे भोंगे, सारं खिडकीबाहेरच राहिलं. डोकं शिणलं, पण मन जागं झालं.

तुझ्या या ग्रंथात दीडशे स्तोत्रं आहेत, आणि त्यांत सर्वांत मोठा गट तक्रारींचा आहे, हे मी आजवर नीट मोजलंच नव्हतं. हर्मान गुंकेल या जर्मन अभ्यासकाने शंभर वर्षांपूर्वी स्तोत्रांची प्रकारवार मांडणी केली. त्या वाटेने आम्ही एकेक स्तोत्र उलगडत गेलो. आधी तुला हाक, मग गाऱ्हाणं, मग मागणं, आणि शेवटी कुठेतरी तुझ्यावरचा विश्वास पुन्हा डोकं वर काढतो. तेराव्या स्तोत्रात पहिल्या दोनच ओव्यांत ‘किती काळ’ हा सवाल चार वेळा येतो. तरी शेवटाला तो माणूस गाऊ लागतो. बाविसावं स्तोत्र तर तुझ्या पुत्राने क्रुसावर ओठांवर घेतलं. तक्रार करणाऱ्याला तू दारातून परत पाठवत नाहीस, याचा याहून मोठा पुरावा मी कुठे शोधू?

आणि मग अठ्ठ्याऐंशीवं. त्याला शेवटचं वळणच नाही. हाक आहे, गाऱ्हाणं आहे, आणि ते अंधारात थांबतं. फादरांनी तासभर त्यावर काही समजावलं नाही. आम्हाला हिब्रूतून तेच पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. प्रभो, तुझ्या चर्चने हे स्तोत्र शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनेत ठेवलं आहे. १९७१ साली नव्या रूपात आलेल्या प्रार्थनाविधीतून शत्रूंना शाप देणारी तीन स्तोत्रं वगळली गेली, अठ्ठावन्नावं, त्र्याऐंशीवं आणि एकशे नववं. हे मात्र राहिलं. ज्यांनी ते राहू दिलं त्यांना तू आशीर्वाद दे. तुझ्या पुत्राच्या मरणाच्या वारी, झोपण्याआधी, जगभर कोणी ना कोणी हे शब्द उच्चारतं. ज्याचं स्वतःचं सारं ठीक चाललं आहे तोही उच्चारतो, ज्याला ते उच्चारायचंही बळ उरलं नाही त्याच्या वतीने.

पंडिता रमाबाईंसाठी मी तुझे आभार मानतो. दुष्काळाच्या वर्षांत त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा. तरी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरवायला बसल्या. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली. पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः. हे अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र त्यांच्याही हाताखालून गेलं आहे. ती पानं लिहिताना त्यांच्या मनात काय होतं ते तुला ठाऊक. मला एवढंच दिसतं की त्यांनी तो अंधार गाळला नाही आणि गोडही केला नाही. शब्दकोश उघडताना मला त्यांची आठवण देत जा.

आमच्या भाषेला तुझ्याशी भांडायची सवय जुनी आहे. नामदेव रुसले, जनाबाईंनी विठ्ठलाला खडसावलं, तुकोबांनी जाब विचारला. नारायण वामन टिळक ख्रिस्ताकडे आले ते तुकोबांच्या पुलावरून, असं ते स्वतःच सांगत. एवढं धन घरात असताना आमच्या प्रवचनांत दुःखाला इतकी घाईघाईने समजूत का घातली जाते, प्रभो? वेदीवरून बोलायची पाळी माझ्यावर येईल तेव्हा मला ही घाई करू देऊ नकोस.

आता ज्यासाठी मी गुडघे टेकले ते मागतो. रुळांलगतच्या चाळीतल्या त्या मावशींसाठी. त्यांचा मुलगा अंधेरीहून घरी येताना गर्दीच्या लोकलच्या दारातून पडला. घरात बसलेल्यांपैकी प्रत्येक जण म्हणत होता, देवाची मर्जी. मावशींनी एकदाच मान वर करून विचारलं, “ब्रदर, खरंच त्याची मर्जी होती का हो?” त्यांना उत्तर मिळायच्या आत कोणीतरी जपमाळ सुरू केली.

मला त्यांच्याकडे पुन्हा जायचं आहे. माझ्याबरोबर ये. त्यांना हिब्रू सांगायला मी जात नाही. पण तुझ्याच ग्रंथात असा माणूस आहे, जो तुला जाब विचारतो आणि शेवटपर्यंत शांत होत नाही, आणि तरी त्याचे शब्द तू पवित्र मानून ठेवले आहेस, हे त्यांना सांगायचं बळ मला दे. त्या रडल्या तर मला बसून राहता येऊ दे. त्या तुझ्यावर चिडल्या तर तुझी बाजू घ्यायची ओढ माझ्या जिभेवरून काढून टाक.

आणि तूही ऐक. २०२३ या एका वर्षात मुंबईच्या लोकलमार्गांवर अडीच हजारांहून अधिक माणसं मेली. कोणी रूळ ओलांडताना, कोणी दारातून पडून. सकाळी डबा घेऊन निघालेली माणसं होती ती. गाड्या वाढवणं, फाटकं आणि पूल बांधणं माणसांचं काम आहे, आणि ज्यांच्या हाती ते आहे त्यांची झोप तू उडव. पण गेलेल्यांच्या आयांची हाक तुझ्यासाठीच आहे, ती मी दुसऱ्या कोणाकडे वळवणार नाही. आज शुक्रवार आहे. या आठवड्यात तू मला विचारायला शिकवलंस, म्हणून विचारतो. प्रभो, किती काळ?

आमेन.