काय सोडावे आणि काय सोडू नये

वडिलांचा धंदा मुलाने सोडावा का? हाती असलेली नोकरी टाकून दुसरी शोधणे हा शहाणपणा की चंचलपणा? पन्नाशीच्या उंबरठ्यावर काम गेले, तर नव्याने शिकायला बसण्यात कमीपणा आहे का? हे प्रश्न कधी ना कधी उभे राहिले नाहीत, असे घर मालवणच्या किनाऱ्यावर क्वचितच सापडेल. आपण ते बहुधा पगाराच्या आकड्यांवर सोडवतो. आकडे महत्त्वाचेच आहेत; रिकाम्या चुलीवर उपदेश शिजत नाही. तथापि काम शोधताना आणि बदलताना माणूस अनेक नैतिक निर्णयही घेत असतो, आणि पुष्कळदा ते त्याच्या ध्यानात येत नाही. त्या निर्णयांचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

दुसरीकडे जाऊन पोट भरणे आपल्याला नवे नाही. 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, तेव्हा इथल्या असंख्य घरांची चूल मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर पेटत होती. पुढच्याच वर्षी, 18 जानेवारी 1982 रोजी, गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांपैकी पुष्कळांना गिरणीचे दार पुन्हा उघडलेच नाही. ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले, तेव्हा दीड लाखाहून अधिक भारतीयांना तेथून मायदेशी आणावे लागले. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, गोव्यातील हॉटेले व कारखाने जवळ आले. 2020 च्या महामारीत जगभरची प्रवासी जहाजे बंदरांत अडकली आणि त्यांवर राबणारे हात घरी परतले. एकाच कामावर आयुष्याची सारी भिस्त ठेवता येत नाही, हे आपल्या किनाऱ्याने वारंवार पाहिले आहे.

मग काम बदलणे ही कृतघ्नता ठरते का? पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1981 च्या आपल्या श्रमविषयक परिपत्रकात एक मूलभूत विचार मांडला: कामाचे मोल ते कोणत्या प्रकारचे आहे यावरून ठरत नाही, ते करणारी व्यक्ती हा त्या मोलाचा पाया आहे. काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नव्हे. हे मान्य केले तर जाळे, माग, जहाज किंवा टेबलखुर्ची यांपैकी काहीही सोडता येते. साधन बदलले म्हणून माणसाची प्रतिष्ठा कमी होत नाही आणि वाढतही नाही. बोटीवर गेलेला मुलगा मोठा आणि आंब्याची कलमे राखणारा मागे पडलेला, ही भाषा आपल्या घरांतून गेली पाहिजे. जो जाणीवपूर्वक गावात राहतो, त्यानेही एक निवडच केलेली असते.

शुभवर्तमानात या बाबतीत एकच साचा आढळत नाही. मत्तय जकातीची चौकी सोडून उठला. जक्कयाने मात्र पद सोडल्याचा उल्लेख नाही. त्याने लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन दिले. बाप्तिस्ता योहानाने जकातदारांना आणि शिपायांना काम टाकायला सांगितले नाही. ठरल्यापेक्षा अधिक घेऊ नका, लोकांना नाडू नका, एवढेच बजावले. म्हणजे काही वेळा काम बदलावे लागते, तर काही वेळा काम करण्याची रीत. नोकरी सोडण्यापूर्वी स्वतःला विचारावे: मी अन्यायापासून दूर जात आहे, कुटुंबाच्या रास्त गरजेसाठी जात आहे, की शेजाऱ्याच्या नव्या घराकडे पाहून? पहिल्या दोन कारणांसाठी बाहेर पडावे. तिसऱ्यासाठी थोडे थांबावे, कारण हेव्याला कोणताच पगार पुरत नाही.

काम सोडता येते. पण कामाबरोबर सुटू नयेत अशा काही गोष्टी आहेत. त्यांतली पहिली म्हणजे सत्य. धर्मगुरूकडे शिफारसपत्र मागायला येणारे तरुण कधी कधी संकोचत म्हणतात, “फादर, दोन वर्षांचा अनुभव आहे असं लिहाल का? सगळेच लिहितात.” धर्मगुरूने त्याला ठाऊक असलेलेच लिहावे, आणि उमेदवारानेही. न घेतलेल्या प्रशिक्षणाचा दाखला घेऊन जो जहाजावर चढतो, तो आग लागली असता आपल्या शेजारच्या खलाश्याचा जीव धोक्यात घालतो. खोट्याची गरज भासते, याचे एक कारण असे की आपल्याला आपले खरे गुण मोजता येत नाहीत. रापणीच्या वाट्यांचा हिशेब चोख ठेवणे, होडीचे इंजिन दुरुस्त करणे, आजारी सासूची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणे, चर्चच्या सणाला तीनशे पानांचे जेवण वेळेवर उठवणे, ही सर्व कौशल्ये आहेत. ती साध्या शब्दांत बायोडाटात लिहावीत आणि मुलाखतीत निःसंकोच सांगावीत.

दुसरी गोष्ट म्हणजे आपल्यावर विसंबलेली माणसे. स्वतःची सुरक्षितता पणाला लावण्याचा अधिकार मला असेल. पत्नीचे दागिने आणि मुलांची जमीन त्यांच्या संमतीवाचून पणाला लावण्याचा नाही. म्हणून हा निर्णय घरात सर्वांना बसवून, कर्जाचा आकडा उघड करून घ्यावा. शक्य तर नवे काम हाती येईपर्यंत जुने सोडू नये. सोडताना मालकाला ठरलेली मुदत द्यावी, देणे फेडावे आणि आपल्या जागी येणाऱ्याला काम समजावून द्यावे.

परदेशी पाठवणाऱ्या एजंटाबाबत दक्षता हेही कुटुंबाविषयीचे कर्तव्यच आहे. आखातातील नोकरीसाठी एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का, हे ‘ई-मायग्रेट’वर पाहता येते, त्याच्या सेवाशुल्काला 30 हजार रुपये व त्यावरील जीएसटी अशी कमाल मर्यादा आहे. बोटीवरील भरती करणाऱ्या संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना हवा, आणि नोकरी मिळवून देण्याबद्दल खलाश्याकडून पैसे घेण्यास तिला मनाई आहे. लाखोंची रक्कम रोखीने मागणारा आणि पावती न देणारा माणूस आपल्याच वाडीतला असला, तरी त्याला नम्रपणे नकार द्यावा.

यावर कोणी म्हणेल, “हे ज्याला काम मिळते त्याच्यासाठी ठीक आहे. ज्याला कोणी बोलावतच नाही, त्याने काय करावे?” हा आक्षेप खरा आहे. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातले ते मजूर आठवावेत. दिवस कलला तरी ते बाजारात उभे होते, कारण त्यांना कोणी कामावर घेतले नव्हते. धन्याने त्यांना आळशी ठरवले नाही; त्याने त्यांना काम दिले. बेकारी हा पुष्कळदा माणसाचा दोष नसतो, आणि म्हणून तिचा भार एकट्या माणसावर टाकणे अन्यायाचे आहे.

येथे तिसरी न सोडण्याची गोष्ट येते, ती म्हणजे परस्परांचा हात. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात अक्विला आणि प्रिस्किला या दांपत्याची हकिकत आहे. सम्राट क्लौद्याच्या हुकुमाने ती दोघे रोममधून विस्थापित होऊन करिंथला आली होती. त्यांचा व्यवसाय तंबू तयार करण्याचा. संत पौलाचाही तोच. त्यांनी पौलाला घरात ठेवून घेतले आणि तिघे बरोबर काम करू लागले. स्वतः नव्याने बस्तान बसवणाऱ्यांनी दुसऱ्याला काम दिले. रापणीचीही रीत अशीच आहे: दोर ओढायला जो लागतो, त्याला वाटा मिळतो. आपल्यापैकी जे गोव्यात, मुंबईत वा मस्कतला स्थिरावले, त्यांनी रिकाम्या जागेची खबर केवळ भाच्या-पुतण्यापुरती न ठेवता चर्चच्या फलकापर्यंत पोहोचवावी. रविवारच्या मिस्सेनंतर निवृत्त शिक्षकाने अर्ज तपासून द्यावा, जुन्या खलाश्याने नवख्याला करारपत्रातली कलमे समजावून सांगावीत. याला पैसा लागत नाही, थोडा वेळ लागतो.

पोप बाराव्या पायस यांनी 1955 साली 1 मे हा कामकरी संत जोसेफचा सण म्हणून ठरवून दिला. या सुताराने हेरोदाच्या भीतीने मिसर देशात आश्रय घेतला, परतल्यावरही भीतीपोटी यहुदिया टाळून गालीलातल्या नाझरेथला घर केले. त्याला गाव सोडावे लागले, गिऱ्हाईक सोडावे लागले, ओळखीची माणसे सोडावी लागली. मरिया आणि बालक येशू यांना मात्र त्याने कुठेही सोडले नाही.