उजेडाची वंशावळ

सत्कर्मामागील हेतू शुद्ध नसेल, तर ते कर्म सत् राहते काय? नीतिशास्त्रातला हा जुनाच प्रश्न. मलाक्का आणि सिंगापूरच्या किनाऱ्यांवरील दीपस्तंभांचा इतिहास वाचताना मात्र तो नव्याने समोर उभा राहतो.

मलाक्काच्या टेकडीवर पोर्तुगीजांनी १५२१ साली पवित्र मरियेच्या नावे एक लहानसे चर्च उभारले. चीनच्या दाराशी देह ठेवलेल्या संत फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव गोव्याला येण्यापूर्वी, १५५३ साली, काही महिने याच चर्चमध्ये विसावले होते. १६४१ साली मलाक्का डचांच्या हाती गेले. पुढे इंग्रजांनी त्या पडक्या वास्तूत दारूगोळा साठविला आणि तिच्या दर्शनी भागासमोर दीपस्तंभ बांधला. प्रार्थना, दारूगोळा आणि उजेड यांना एकच टेकडी पुरली!

सिंगापूरच्या सामुद्रधुनीच्या पूर्व मुखाशी ‘पेद्रा ब्रांका’, म्हणजे पांढरा खडक, आहे. तेथील दीपस्तंभाला जेम्स हॉर्सबर्ग यांचे नाव आहे. १७८६ साली चुकीच्या नकाशामुळे त्यांचे जहाज दिएगो गार्सिया बेटावर फुटले. त्या आघातातून त्यांनी उर्वरित आयुष्य अचूक सागरी नकाशे सिद्ध करण्यास वाहिले. १८३६ साली ते निवर्तले, तेव्हा कँटनच्या व्यापाऱ्यांनी त्यांच्या स्मारकासाठी वर्गणी जमविली आणि १८५१ साली या खडकावर दिवा पेटला. त्या व्यापाऱ्यांपैकी अनेकांची संपत्ती अफूतून आलेली होती. ज्या उजेडाने असंख्य खलाशांचे प्राण वाचविले, त्याच उजेडात अफूची जहाजेही सुखरूप पुढे गेली.

सामुद्रधुनीच्या पश्चिमेला १८५५ साली रॅफल्स दीपस्तंभ प्रज्वलित झाला. त्याच्या कामात हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर धाडलेल्या बंदिवानांचे श्रम आहेत. सिंगापूरच्या अशा बंदिवानांत बंगाल व मद्रासप्रमाणे मुंबई इलाख्यातीलही माणसे होती. घरादाराला पारख्या झालेल्या हातांनी परक्यांना घरची वाट दाखविली. दीपस्तंभावर नाव मात्र कोरले गेले ते रॅफल्स यांचे.

अशा उजेडाकडे पाहताना दोन मोह होतात. उगम मलिन म्हणून उजेडच नाकारावा, हा पहिला. दुसरा अधिक फसवा. उजेड पडला ना, मग त्यामागच्या अन्यायाची चर्चा कशाला, असे तो सुचवितो. पहिल्याने वादळात सापडलेल्या कोळ्याचा विसर पडतो, तर दुसऱ्याने बेड्या घातलेल्या मजुराचा. दीपस्तंभाने अफूचे पाप धुतले जात नाही आणि अफूमुळे वाचलेला जीव खोटा ठरत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मान्य करणे अवघड असते. पण सत्य तेवढेच अवघड आहे.

संत मत्तय प्रभू येशूची वंशावळ सांगतात, तेव्हा तामार आणि राहाब यांची नावे झाकीत नाहीत. उरियाच्या पत्नीचा उल्लेख करून दाविदाच्या अपराधाचीही आठवण ठेवतात. तारणाचा इतिहास डागाळलेल्या हातांतून पुढे सरकला. परंतु त्यासाठी कोणी डागांना अलंकार म्हटले नाही.

आपल्या धर्मग्रामांतील चर्च, शाळा, दवाखाने यांनाही अशी वंशावळ असते. देणगीदारांच्या नावांची शिळा दाराशी लागते. पाया खणणाऱ्यांची लागत नाही. आलेल्या देणगीमागे कोणाचा घाम आहे, हे विचारणे म्हणजे कृतघ्नपणा नव्हे. वारशाने मिळालेला दिवा तेवत ठेवावा आणि तो कोणाच्या खांद्यांवरून आपल्यापर्यंत आला, हेही सांगत राहावे. नोव्हेंबर महिन्यात मृतांसाठी प्रार्थना करताना आपण आपल्या आप्तांची नावे वाचतो. ज्यांची नावे कोणत्याच दगडावर नाहीत, त्यांच्यासाठीही त्या यादीत एक ओळ राखून ठेवावी.