दुआ, दवा आणि साखळी

होळीच्या दिवसांत बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईकडे माणसांची रीघ लागते. सैलानी बाबांच्या दर्ग्यावर नारळांची होळी पेटते. हिंदू येतात, मुसलमान येतात. कित्येक जण मनाने आजारी असलेल्या आप्तालाही घेऊन येतात. काहींच्या पायात साखळी असते.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 95 नुसार अशा रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे. बंदीमागची कारणं भयंकर आहेत. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत आग लागली, तेव्हा बांधलेल्या रुग्णांना पळता आलं नाही. 28 जण गेले. पण भाऊ कुठे निघून जाईल या धास्तीने ज्याने कुलूप लावलं, त्याच्यापुढे नुसतं कलम वाचून भागत नाही.

त्याच्याशी कसं बोलायचं, हे डॉक्टरने शिकायला हवं. ऑक्टोबर 2024 मध्ये बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. 2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वर्तन, नीती आणि संवाद हा भाग आला आहे. तिथे स्वायत्तता, हित, अपाय टाळणं आणि न्याय ही चार तत्त्वं शिकवतात. ती हवीतच. त्यांच्या जोडीला इस्लामी वैद्यकनीतीही शिकवायला हवी, कारण सैलानीला आलेल्या अनेक कुटुंबांचा विश्वास त्याच परंपरेवर आहे.

ही परंपरा उपचाराच्या आड येत नाही. प्रत्येक आजारावर इलाज आहे, तो घ्या, अशी पैगंबरांची शिकवण सांगितली जाते. उंट आधी बांधा, मग अल्लावर भरवसा ठेवा, असंही. शरियतच्या उद्दिष्टांत जिवाच्या रक्षणाबरोबर अक्लचं, म्हणजे बुद्धीचं रक्षणही येतं. मग भ्रम कमी करणारी गोळी श्रद्धेविरुद्ध कशी? रुहावी या वैद्याने नवव्या शतकातच वैद्याच्या आचारधर्मावर 20 प्रकरणांचा ग्रंथ लिहिला. रमजानमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या आजीला ‘आजाऱ्याला रोज्यातून सूट आहे’ असं सांगणारा डॉक्टर याच परंपरेचा आधार घेतो.

गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा-दुआ’ उपक्रम सुरू झाला. दर्ग्याची सेवा करणारे मुजावरच रुग्णाला डॉक्टरकडे पाठवू लागले. दुआ थांबली नाही.

अर्थात डॉक्टरने मौलवी व्हायचं नाही, नावावरून कुणाची श्रद्धाही ठरवायची नाही. आणि कुटुंबाचा होकार म्हणजे रुग्णाचा होकार नव्हे. म्हणून तोंडी परीक्षेत विद्यार्थ्यासमोर असाच प्रसंग ठेवावा: भाऊ, मुजावर आणि साखळीतला तरुण. भावाची भीती त्याने ऐकून घेतली का, मुजावराला सोबत घेतलं का, हे पाहावं. आणि त्या तरुणाला त्याचं स्वतःचं म्हणणं विचारलं का, यालाही गुण असावेत.