कोणती गोळी?

मी शाळामास्तर; बंदूक कधी हाती धरली नाही. पण माझे आजोबा शिकारी. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातच होते आणि 1972 चा वन्यजीव कायदा अजून यायचा होता. चितळ-सांबरावर जाताना ते गोळी फार पारखून घेत. सांगत, “टोकापर्यंत धातूने मढवलेली गोळी आरपार जाते; जनावर जखम घेऊन पळते, रात्रभर तडफडते. शिशाचे टोक उघडे असले, की ती आत पसरते; लवकर सोडवते.”

पुढे इतिहासात वाचले : अशाच पसरणाऱ्या गोळीला कलकत्त्याजवळच्या दमदमचे नाव पडले, आणि 1899 साली हेगच्या परिषदेने ती युद्धात निषिद्ध ठरवली. जंगलातली दया रणांगणावर क्रौर्य कशी? विचारांती उमगले : शत्रू जायबंदी झाला तरी काम भागते, तो बरा होऊन घरी परतू शकतो. जखमी सांबराची शुश्रूषा कोण करणार?

म्हणजे आजोबांची निवड योग्यच. तरी मन निवत नाही. ‘कोणती गोळी?’ हा प्रश्न त्यांनी प्रामाणिकपणे सोडवला, ‘गोळी कशाला?’ हा मात्र कायद्याने विचारीपर्यंत आमच्या घरात कोणी विचारलाच नव्हता.