‘देव आहे ना!’

नवरा गेल्यावर मी सगळ्यात जास्त ऐकलेले शब्द म्हणजे ‘देव आहे ना!’ राहुरीहून फोन करणारे नातेवाईक हेच म्हणाले, तंजावरच्या मंडळीतली माणसं तमिळमधून हेच म्हणाली. त्यांचा हेतू चांगला होता आणि शब्द खरेच होते. मी तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती घरातली. देव आहे, याबद्दल मला शंका नाही. मला विचारायचं ते एवढंच, की पहाटे पाचला नळाला पाणी आलंय, डबा व्हायचाय, मुलाच्या बुटाचा तळ सुटलाय आणि आठला पार्सल ऑफिसात हजर व्हायचंय, अशा वेळी तो नेमका कुठे असतो?

नवरा दक्षिण रेल्वेत होता. त्याच्या मागे अनुकंपा तत्त्वावर मला नोकरी मिळाली, म्हणून मुलाला घेऊन मी इथे तंजावरलाच राहिले. देवाचं सान्निध्य म्हणजे प्रार्थनेत मन भरून येणं, असं मला लहानपणापासून वाटायचं. आता प्रार्थनेला बसलं की डोळा लागतो. मन भरून येण्याइतकी शक्ती संध्याकाळपर्यंत उरतच नाही. भावना हीच खूण मानली, तर माझ्या घरी देव वर्षभर फिरकलाच नाही असं म्हणावं लागेल. मला ते मान्य नाही.

उत्पत्तीच्या एकविसाव्या अध्यायात हागार आहे. पोराला घेऊन घराबाहेर काढलेली, मसकेतलं पाणी संपलेली बाई. पोराचं मरण पाहवत नाही म्हणून ती त्याला झुडपाखाली ठेवते, लांब जाऊन बसते आणि रडते. रडते ती आई. पण देवाने ऐकला तो मुलाचा आवाज, असं तिथे लिहिलंय. मग देव तिचे डोळे उघडतो आणि तिला विहीर दिसते. आकाशातून पाणी पडलं असं शास्त्र म्हणत नाही.

पावसाळ्यात मुलाला सणकून ताप आला. रात्रीचे दोन वाजले असतील. औषधाची बाटली रिकामी, मुलगा कण्हतोय, मी कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवतेय. एक घडी गरम झाली की दुसरी. त्याला एकट्याला सोडून औषधाच्या दुकानात कशी जाणार? मी कुणाला हाक मारली नव्हती. दार वाजलं. शेजारच्या आजी उभ्या होत्या. इथल्या जुन्या मराठी घरातल्या. आम्ही दोघी मराठीच बोलतो, त्यांची तमिळ वळणाची, माझी नगरी. भिंतीपलीकडून त्यांना पोराचं रडणं ऐकू आलं होतं. त्यांनी नातवाला मोटरसायकलवर औषधाला पिटाळलं, माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘तू जरा आडवी हो.’’ मी प्रार्थना केली तेव्हा त्या हात जोडून बसल्या होत्या. त्यांच्या देव्हाऱ्यात तुळजाभवानी आहे.

कुणी म्हणेल, शेजारीण धावून आली, यात देव कुठे आला? माझ्यासाठी ही दोन वेगळी उत्तरं नाहीत. मुलाचा आवाज ऐकला गेला. मला विहीर दिसली.

या गावाशी जोडलेली आणखी एक आई आहे. तिची गोष्ट मराठीत कुणी फारशी सांगत नाही. तंजावरची मराठी ब्राह्मण विधवा, क्लॅरिंडा. सती जाण्यापासून तिला लिटलटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने वाचवलं. ती त्याच्याबरोबर पाळयंकोट्टैला राहू लागली. तिने बाप्तिस्मा मागितला. पण दोघांचं लग्न झालेलं नाही म्हणून मिशनरी श्वार्ट्‌झ यांनी नकार दिला. लिटलटन वारल्यावर, 1778 साली, त्यांनीच तिला बाप्तिस्मा दिला. पदरी हेन्री नावाचा दत्तक मुलगा होता. दोनदा एकट्या पडलेल्या या बाईने तिथे चर्च बांधलं, 1785 साली श्वार्ट्‌झ यांच्या हस्ते त्याचं समर्पण झालं, आणि लोक आजही त्याला ‘पाप्पात्ती अम्माळ कोविल’, म्हणजे ब्राह्मणबाईचं देऊळ, म्हणतात. जिला दारात थांबवलं होतं, तिनेच इतरांसाठी दार बांधलं.

श्वार्ट्‌झ स्वतः अविवाहित होते. तरी एका मुलाचं पालकत्व त्यांच्याकडे आलं. तंजावरच्या तुळजाराजांनी मरण्यापूर्वी, 1787 साली, दहाएक वर्षांच्या दत्तक सरफोजींना त्यांच्या हाती सोपवलं. मुलाच्या जिवाला धोका आहे असं दिसल्यावर त्यांनी त्याला मद्रासला हलवण्याची खटपट केली. सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्यामुळे श्वार्ट्‌झ यांची माया कमी झाली नाही. शिवगंगा तळ्याजवळच्या चर्चमध्ये सरफोजींनी फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून करवून घेतलेलं संगमरवरी शिल्प आहे: श्वार्ट्‌झ मृत्युशय्येवर आणि तरुण भोसले राजा त्यांचा हात धरून. मी मुलाला ते दाखवलं. ‘‘राजाचे बाबा होते का ते?’’ असं त्याने विचारलं. मी ‘हो’ म्हणाले, आणि ते खोटं आहे असं मला वाटत नाही.

म्हणून मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. स्तोत्र अडुसष्टमध्ये देवाला पोरक्यांचा पिता म्हटलंय. ते खरंच आहे. पण शाळेच्या पालकसभेला जायला, तापलेल्या पोरापाशी बसायला, परीक्षेच्या आधी गणित समजावायला देव माणसंच पाठवतो. ‘देव आहे ना’ म्हणून घरी निघून जाणारा माणूस देवाने ज्या कामावर पाठवलंय, तेच टाळत असतो.

तुमच्या मंडळीत बाकावर एकटी आई मुलाला घेऊन बसत असेल, एखादा एकटा बापही असेल. त्यांना रविवारी आशीर्वाद द्याच. पण गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या घरी जा आणि मुलाला दोन तास सांभाळा.